ज्वारीच्या मुळाशी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात कुणी जमीन वाट्यानं करायला घेत असेल, तर पाण्याच्या चौकशीनंतर दुसरा प्रश्न ठरलेला असतो: “बेवड कशाचा हाय?”

पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये मी हा शब्द वापरला तेव्हा समोरच्या तिघांना ‘बेवडा’ ऐकू आलं आणि पुढची दहा मिनिटं त्यातच गेली. तर आधी अर्थ सांगतो. बेवड म्हणजे रानात आधी जे पीक होतं त्यानं मातीत मागं ठेवलेला परिणाम. हरभऱ्याचा बेवड चांगला, तागाचा चांगला, भुईमुगाचाही चांगला. ज्वारीचा बेवड मात्र जड. त्यावर लगेच गहू घ्यायला जुनी माणसं नाखूश असतात. का, असं विचारलं तर “ज्वारी रान खाते” एवढंच उत्तर मिळतं. गंमत म्हणजे तीच माणसं हेही सांगतात की दाट वाढलेल्या ज्वारीखाली तण फारसं टिकत नाही. म्हणजे जे पीक पुढच्या पिकाला त्रास देतं, तेच शेजारच्या तणालाही देतं. या दोन निरीक्षणांमागं एकच कारण असेल का?

या प्रश्नाला दोन हजार तीनशे वर्षांचा इतिहास आहे. तो ग्रीसमधून सुरू होतो आणि मधेच चक्क पिंपळे सौदागरहून जातो.

पण आधी मंगळवेढा, कारण तणाची किंमत इथल्याइतकी स्पष्ट फार थोड्या ठिकाणी कळते. हे गाव बाहेरच्यांना दामाजीपंतांमुळं माहीत असतं. पंधराव्या शतकात, बहामनी राजवटीत, दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार उपाशी लोकांना खुलं केलं आणि मग बिदरच्या बादशहाकडं विठ्ठलानं विठू महार होऊन त्याचे पैसे भरले, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. कोठारात कोणतं धान्य होतं याची कथेला फिकीर नाही. पण या मातीत ज्वारीशिवाय दुसरं काय असणार? शेजारच्या मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून १९३०च्या दशकात निवडलेलं ‘एम ३५-१’ हे वाण आजही रब्बी ज्वारीतलं मोठं नाव आहे. २०१६ साली ‘मंगळवेढा ज्वारी’ला भौगोलिक मानांकनही मिळालं.

ही ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरतात. त्यानंतर वरून थेंबही पडला नाही तरी ती जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी राहते, खोल काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर. चार्जर काढून घेतलाय आणि आहे त्या बॅटरीवर चार महिने काढायचे आहेत, असा तो मामला. अशा वेळी प्रत्येक तण म्हणजे बॅकग्राउंडला चालू राहिलेलं ॲप. बागायतात तण खत खातं, जागा खातं. इथं ते पाणी पितं आणि गेलेलं पाणी परत येत नाही. ‘तण खाई धन’ ही म्हण कोरडवाहू भागात अगदी शब्दशः घ्यायची असते.

ब्रिटिश काळातल्या शेती खात्यालाही हे उमगलं होतं. १९२३ साली पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं, १९३३ साली सोलापूरला स्वतंत्र केंद्र आलं, आणि एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी रीत उभी राहिली. बांध घाला. दर तीन वर्षांनी एकदा खोल नांगरा. पावसाळ्यात कुळवाच्या पाळ्या द्या. बियाणं कमी वापरा, दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवा आणि पीक उभं असताना पुन्हा पुन्हा कोळपा. ओळी लांब का? ओल पुरावी म्हणून, आणि मधून कोळपं चालावं म्हणूनही. या सगळ्या पद्धतीत तणनाशक कुठंच नव्हतं. बैल होते, लोखंडी फास होती आणि कोळप्यातून सुटलेलं तण ओळीतून काढणारे बायांचे हात होते. त्या हातांचा हिशोब शेतीच्या इतिहासात ‘मजुरी’ या एका रकान्यात संपतो.

आता ग्रीस.

इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास थिओफ्रास्टस या ॲरिस्टॉटलच्या शिष्यानं वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो हरभऱ्याबद्दल म्हणतो की हे पीक जमीन थकवतं, पण तण मारतं, आणि सगळ्यांत आधी मारतं ते सराट्याला. सराटा म्हणजे आपल्या चपलेतून आरपार जाणारा, सायकलच्या ट्यूबचा शत्रू, काटेरी गोखरू. अथेन्सच्या माणसानं जी जोडी टिपून ठेवली, ती हरभरा आणि सराट्याची जोडी मंगळवेढ्याच्या बांधावर आजही बघायला मिळते. पुढं पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनं हरभऱ्याच्या पंगतीत जव आणि मेथीलाही बसवलं: ही पिकं जमीन ‘जाळतात’ असं तो लिहितो.

इथं एक पेच आहे. थिओफ्रास्टसचा हरभरा जमीन थकवतो, आमच्याकडचा हरभरा जमीन सुधारतो. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र बांधतात हे आज शाळकरी पोरालाही माहीत आहे, तेव्हा या मुद्द्यावर मंगळवेढ्याचं म्हणणं जास्त बरोबर ठरतं. पण ग्रीकांनी बेवडाचा प्रश्न दोन भागांत विचारला होता हे महत्त्वाचं: पुढच्या पिकाचं काय होतं, आणि तणाचं काय होतं? नंतरच्या विज्ञानानं हे दोन भाग कधी एकत्र केले, कधी तोडले आणि बहुतेक वेळा त्यावर भांडण केलं.

मोठं भांडण १८३२ मध्ये सुरू झालं. जिनिव्हाच्या ऑग्युस्तँ द कँदोल या वनस्पतिशास्त्रज्ञानं मांडलं की झाडं मुळांतून काही पदार्थ बाहेर टाकतात. तेच पीक पुन्हा घेतलं तर ते पदार्थ त्याला बाधतात, म्हणून पीक फिरवावं लागतं. आपल्या भाषेत, त्यानं बेवडाची रासायनिक उपपत्ती दिली. ती फार टिकली नाही. जर्मनीत लीबिगनं पिकाचा सगळा हिशोब खनिज अन्नद्रव्यांवर आणून ठेवला. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला १८४३ पासून एकाच शेतात वर्षानुवर्षं गव्हावर गहू घेतला गेला आणि खत घातलं की तो बरा येतो असं दिसलं. मग विषाची भाषा हवी कशाला? अन्न कमी पडलं, अन्न घाला. रासायनिक खतांच्या शंभर वर्षांची मानसिक तयारी इथं झाली असं मला वाटतं. प्रश्न सुटला नव्हता, त्याला फक्त सोयीचं उत्तर मिळालं होतं.

ज्वारीनं मात्र त्या उत्तराला दाद दिली नाही. १९२४ साली अमेरिकेत जे. एफ. ब्रिझील यांनी थेट ज्वारीच्या ‘हानिकारक उत्तर-परिणामां’वर निबंध लिहिला. तिकडच्या शेतकऱ्यांचीही हीच तक्रार होती: ज्वारीनंतरचं पीक मरगळतं. कारणांच्या यादीत नत्राचा मुद्दा होताच. ज्वारीची धाटं आणि मुळं कुजवताना मातीतले जीवाणू नत्र स्वतःकडं अडकवून ठेवतात, पुढच्या पिकाला तो मिळत नाही. हे कारण खरं आहे, आजही मानलं जातं. पण तेवढ्यानं सगळं उलगडत नव्हतं.

याच काळात पुण्यात हॅरॉल्ड मान नावाचा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ होता. १९०७ पासून तो पुण्याच्या शेती कॉलेजचा प्राचार्य, पुढं मुंबई इलाख्याचा शेती संचालक. मराठी वाचकाला तो ठाऊक असेल तर १९१७ च्या पुस्तकामुळं, ज्यात त्यानं दख्खनच्या एका खेड्यातली जमीन, कर्ज आणि मजुरी घरटी मोजली होती. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर. हो, तेच. ज्या पिंपळे सौदागरात आज माझे निम्मे सहकारी टू-बीएचकेचे हप्ते फेडतात, तिथं शंभर वर्षांपूर्वी एका साहेबानं शेताचे तुकडे आणि सावकाराचं व्याज मोजलं. मला त्या पुस्तकाइतकंच मानचं त्यानंतरचं काम ओढून घेतं. भारतातून निवृत्त होऊन तो इंग्लंडात वोबर्नच्या प्रयोगक्षेत्रावर गेला आणि सत्तरी ओलांडल्यावर, १९४५ पासून पुढची काही वर्षं, टी. डब्ल्यू. बार्न्स यांच्यासोबत त्यानं निबंधांची एक मालिकाच लिहिली. विषय होता बार्ली आणि तणं यांची नियंत्रित परिस्थितीतली स्पर्धा. बार्लीसोबत एकेक तण मोजून वाढवायचं आणि कोण कुणाला किती दाबतं ते वजन करून बघायचं. दख्खनमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला म्हातारपणी हाच प्रश्न सोडवावासा वाटला, यात मला आश्चर्य वाटत नाही.

मानच्या शीर्षकांत ‘स्पर्धा’ हा शब्द आहे. ज्या शब्दानं या विषयाला वेगळं नाव दिलं तो १९३७ साली व्हिएन्नाच्या हान्स मोलिश यांनी घडवला: ॲलेलोपॅथी. ‘एकमेकांना होणारी बाधा’ असा त्याचा साधारण अर्थ. झाडानं बाहेर टाकलेल्या रसायनानं दुसऱ्या झाडावर होणारा परिणाम, मग तो वाईट असो की चांगला. हे मोलिश १९२८-२९ मध्ये कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांच्या संस्थेत राहून गेले होते आणि भारतावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. त्यांच्या ॲलेलोपॅथीच्या पुस्तकात मात्र ज्वारी किंवा हरभऱ्यापेक्षा सफरचंदच जास्त आहे. पिकलेल्या सफरचंदातून निघणारा वायू शेजारच्या रोपांची वाढ कशी बदलतो, हे त्यांनी बारकाईनं पाहिलं. तो वायू म्हणजे इथिलीन. हे नाव लक्षात ठेवा, ज्वारीच्या गोष्टीत ते परत येणार आहे.

शब्द मिळाला तरी पुरावा मिळत नव्हता. शेतात तण कमी दिसलं तर ते सावलीमुळं, पाण्यामुळं, नत्रामुळं की विषामुळं, हे वेगळं करायचं कसं? डिबगिंग करणाऱ्या कुणालाही हे दुखणं ओळखीचं वाटेल. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची असते आणि शेतात एका वेळी एक गोष्ट कधीच बदलत नाही.

*

१९८६ मध्ये ज्वारीनं स्वतःच पुरावा दिला. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात नेट्झली आणि बटलर या संशोधकांनी ज्वारीची रोपं मातीशिवाय, ओलसर ठिकाणी वाढवली. कोवळ्या मुळांवरच्या केसांच्या टोकाशी सोनेरी-पिवळे थेंब दिसले. पाण्यात न विरघळणारे, तेलकट. त्या थेंबांत सर्वाधिक वाटा एका पदार्थाचा निघाला आणि ज्वारीच्या शास्त्रीय नावावरून त्याला नाव मिळालं: सॉर्गोलिओन. बीजांकुरण शिकवायला शाळेत ओल्या कापसावर मटकी ठेवतात, तशी ज्वारी ठेवली आणि चांगलं भिंग हाताशी असलं तर हे थेंब दिसू शकतात. अट एकच, मुळं पाण्यात बुडता कामा नयेत. बुडाली तर मुळांवर ते केसच नीट येत नाहीत आणि केस नसतील तर थेंबही नाही.

सॉर्गोलिओन करतं काय? पानात सूर्यप्रकाश पकडणारी जी यंत्रणा असते, तिच्यात इलेक्ट्रॉन पुढं सरकवणारी एक खाच आहे. तिथं एक ठरावीक रेणू बसावा लागतो. सॉर्गोलिओनचा आकार त्याच्याशी इतका मिळतो की ते त्या खाचेत जाऊन बसतं आणि काम थांबवतं. नुकतंच उगवणारं, बारीक बियांचं, रुंद पानांचं तण जमिनीतून वर येता येता ते शोषून घेतं आणि पिवळं पडून मरतं. मोठ्या झालेल्या झाडाला ते फारसं बाधत नाही, कारण हा तेलकट पदार्थ मुळातून पानापर्यंत चढत नाही.

आणि आता मला सगळ्यांत जास्त खिळवून ठेवणारा भाग. १९५०च्या दशकात गायगी या स्विस कंपनीनं ॲट्राझिन नावाचं तणनाशक काढलं. मका, ज्वारी, ऊस यांत पेरणीनंतर लगेच फवारायचं ते हेच. ॲट्राझिन ज्या प्रथिनाच्या ज्या खाचेत बसतं, ती खाच आणि सॉर्गोलिओनची खाच एकच आहे. कारखान्यात माणसानं शोधलेली युक्ती ज्वारीच्या मुळाला आधीपासून येत होती. ज्वारीला ॲट्राझिन का बाधत नाही, हा वेगळा किस्सा आहे. ती त्या रेणूला दुसरा रेणू चिकटवून निकामी करते. ॲट्राझिनचे अंश भूजलात सापडू लागल्यावर युरोपीय संघानं २००३-०४ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली. आपल्याकडं ते सुरू आहे.

म्हणून ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निरुपद्रवी’ हे वाक्य मला या विषयात अजिबात चालत नाही. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं एक द्रव्य असतं. डन्स्टन आणि हेन्री यांनी १९०२ मध्ये ते ओळखलं, आणि ज्वारीच्या अरबी नावावरून, ‘दुर्रा’वरून, त्याला नाव दिलं. चावल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. पावसानं ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीत जनावर सोडू नये, हे गुराखी पोरालाही माहीत असतं. ज्वारी अगदी नैसर्गिकपणे विषारी आहे. फरक इतकाच की तिचं विष मुळाच्या आसपास राहतं, मातीतले जीवाणू ते हळूहळू खाऊन टाकतात, आणि सगळ्या ज्वाऱ्या सारख्या नसतात. १९९६ मध्ये अमेरिकेत पंचवीस प्रकारच्या ज्वारी तपासल्या, तेव्हा मुळांतल्या सॉर्गोलिओनच्या प्रमाणात वीस पटींहून जास्त फरक निघाला. वाण निवडताना आपण दाणा बघतो, कडबा बघतो, भाकरीची चव बघतो. मुळाच्या केसांवरचा थेंब बघून कुणी वाण निवडलेलं नाही.

ज्वारीच्या मुळांची बोली तणांनाही कळते, आणि त्यातलं एक तण ती ज्वारीवरच उलटवतं. टारफुला. खरिपाच्या ज्वारीत आणि उसात येणारं हे तण ज्वारीच्या मुळात आपलं मूळ घुसवून तिचंच पाणी आणि अन्न ओढतं. याचं बी धुळीएवढं असतं आणि जमिनीत कित्येक वर्षं निजून राहतं. शेजारी यजमान पिकाचं मूळ आलं, त्यातून ठरावीक रसायन झिरपलं, तरच ते जागं होतं. १९६६ मध्ये ही हाक देणारा पहिला रेणू सापडला तो ज्वारीत नव्हे, कापसाच्या मुळात. कापसावर टारफुला जगूच शकत नाही. म्हणजे कापूस टारफुल्याला उठवतो आणि उपाशी मारतो. ज्वारी-कापूस अशी फेरपालट करणाऱ्या दख्खनच्या शेतकऱ्यानं कापसाला ‘सापळा पीक’ म्हटलं नव्हतं, पण रान साफ होत होतं. अमेरिकेत १९५६ मध्ये कॅरोलायना राज्यांत टारफुला सापडला, तेव्हा तिथल्या सरकारनं निर्मूलनाची मोहीमच उघडली, आणि पुढं जमिनीत नळ्या खुपसून त्यांतून एक वायू सोडायला सुरुवात केली. त्या वायूनं बी यजमानाशिवायच उगवतं आणि मरतं. वायू कोणता? मोलिशच्या सफरचंदांचा, इथिलीन.

पर्ड्यूतच बटलर यांच्यासोबत काम करणारे इथिओपियाचे गेबिसा एजेटा यांनी प्रश्न उलटा केला: ज्वारीनं हाकच मारली नाही तर? कमी हाक मारणाऱ्या ज्वारी निवडून त्यांनी आफ्रिकेसाठी टारफुल्याला दाद न देणारी वाणं तयार केली आणि २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. त्यामागचा जनुक २०१७ मध्ये नेमका ओळखला गेला. सुरुवातीला वाटलं होतं की सॉर्गोलिओनच्याच कुटुंबातला रेणू टारफुल्याला बोलावतो. नंतर मुख्य हाक दुसऱ्या रेणूंची, स्ट्रायगोलॅक्टोनांची, असल्याचं स्पष्ट झालं. बेवड हा एकच शब्द उघडला तर आत एवढी गर्दी आहे.

आणखी एक जण त्या गर्दीत आहे. जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की सॉर्गोलिओन मातीतल्या त्या जीवाणूंनाही आवर घालतं, जे अमोनियाचं नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्यासोबत वाहून जातं, अमोनिया मातीला धरून राहतो. म्हणजे तणाला मारणारा रेणूच नत्राचाही कारभार बघतो. ‘ज्वारी रान खाते’ हे वाक्य मग तितकंसं सरळ राहत नाही.

*

हे सगळं वापरायचं कसं? सर्वांत थेट प्रयोग झाला तो फैसलाबादच्या शेती विद्यापीठात, पाकिस्तानी पंजाबात. त्याचं नाव ‘सॉरगाब’: सॉर्गम अधिक आब, ज्वारीचं पाणी. पंजाबमधला जो आब, तोच हा. पक्व ज्वारीची वाळलेली धाटं बारीक कापायची, दहापट पाण्यात चोवीस तास भिजवायची आणि गाळलेलं पाणी गव्हावर फवारायचं. चीमा आणि खालिक यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, पेरणीनंतर तीस आणि साठ दिवसांनी दोन फवारण्या केल्यावर तणाचं वजन ३५ ते ४९ टक्के घटलं आणि गव्हाचं उत्पादन १० ते २१ टक्के वाढलं. पुढं हा अर्क आटवून, तणनाशकाच्या कमी मात्रेत मिसळूनही वापरला गेला.

हा निष्कर्ष वाचून मी खूश होऊन मंगळवेढ्याला आत्याला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कडबा भिजवायचा? आन् म्हशीला काय घालू, तुझं ते औषध?”

तिच्या एका वाक्यात फैसलाबाद आणि मंगळवेढा यांतलं अंतर येतं. तिकडं कालव्याचं पाणी आहे, गहू बागायती आहे. इथं दुष्काळी वर्षात कडब्याची पेंढी दाण्याशी बरोबरी करते. मालदांडी लोकप्रिय राहिली त्यामागं दाण्याइतकाच तिचा उंच, गोड कडबा आहे. आणि एक किलो धाटांना दहा लिटर पाणी? तालुक्याच्या दक्षिणेकडच्या पस्तीस गावांचा पाणीप्रश्न कित्येक निवडणुकांत भाषणाचा विषय झालाय. तिथं कडबा भिजत घालणारा माणूस लोकांना वेडाच वाटेल.

मग बाटली? तोही मार्ग झालेला आहे. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात एका रासायनिक कंपनीच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फार कमी उगवतं. लाल ब्रशसारख्या फुलांचं हे झाड आपल्या प्रत्येक सोसायटीच्या बागेत असतं. त्यातून लेप्टोस्पर्मोन हा पदार्थ निघाला. तो फार जोरकस नव्हता, म्हणून त्याच्या रचनेवरून हजारो नातेवाईक रेणू बनवले गेले आणि त्यातून मेसोट्रिओन, टेम्बोट्रिओन अशी मक्याची तणनाशकं आली. आज भारतातल्या मका उत्पादकांना ती परिचित आहेत. झाडाखालच्या रिकाम्या जागेपासून दुकानातल्या डब्यापर्यंतचा हा सगळ्यांत यशस्वी प्रवास. मात्र हे रेणू ज्वारीच्या उभ्या पिकावर मारले तर ज्वारीलाच इजा होते. मका बागायतात जातो, त्याला कोंबडीखाद्याचा बाजार आहे, म्हणून त्याच्यासाठी संशोधन झालं. कोरडवाहू ज्वारीसाठी एवढा खर्च करून कोण रेणू शोधणार? पेरा घटत चाललेल्या पिकाला कंपनी गिऱ्हाईक समजत नाही. २०२३ साली भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हा ज्वारीच्या कुकीज भरपूर दिसल्या.

भारतात या विषयावर काम झालंच नाही असं नाही. हरयाणातल्या हिसारहून एस. एस. नरवाल यांनी १९९४ मध्ये ॲलेलोपॅथीला वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं, त्याच वर्षी दिल्लीत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. महाराष्ट्रात गाजरगवताच्या जागी तरोटा पेरण्याचा उपाय बराच फिरला. गाजरगवत स्वतःच मुळापानांतून पार्थेनिन सोडून शेजाऱ्याला दाबतं. त्याला त्याच्याच खेळात हरवायला तरोटा. रस्त्याकडेला तो जमतो. ज्वारीच्या रानात तरोटा कोण पेरणार?

मला वाटतं, मंगळवेढ्यासाठी ही रसायनं बाटलीत आणि बादलीत शोधण्यापेक्षा क्रमात शोधायला हवीत. या वर्षी काय, पुढच्या वर्षी काय, ज्वारीच्या किती ओळींनंतर करडईच्या किती, हरभरा कुठं. ज्वारी-करडईच्या पट्ट्यांची पद्धत इथं जुनीच आहे. काटेरी करडई जनावरं आत येऊ देत नाही, हे तिचं उघड कारण. मुळांच्या पातळीवर त्या पट्ट्यांत काय चालतं, हे मोजायला सोलापूर आणि मोहोळची केंद्रं तासाभराच्या अंतरावर आहेत. मालदांडीच्या जुन्या स्थानिक प्रकारांत कुणाच्या मुळावर थेंब जास्त येतात, हा प्रश्न एखाद्या एम.एस्सी.च्या मुलीला दोन वर्षं पुरेल. त्याला पेटंट मिळणार नाही, डबा विकला जाणार नाही. क्रम विकता येत नाही, ही त्याची अडचण आहे.

आणि एक अडचण मी आत्यामुळंच शिकलो. ज्या तणांवर सॉर्गोलिओनचा परिणाम चांगला दिसतो, ती बारीक बियांची, रुंद पानांची. चाचण्यांमध्ये माठाच्या कुळातलं तण नेहमी असतं. माझ्या दृष्टीनं ते तण होतं. आत्या मात्र खुरपायला बसते तेव्हा तिच्या शेजारी दोन ढीग असतात. एकात हरळी, लव्हाळा, म्हशीपुढं टाकायचं गवत. दुसऱ्यात तांदूळजा, घोळ, पाथरी. पाथरी तर ती खुरप्यानं उडवतच नाही, बोटानं माती सारून अलगद काढते, झटकते आणि ओच्यात टाकते. संध्याकाळी ती कच्चीच, मीठ-तेल आणि दाण्याचं कूट लावून, ज्वारीच्या भाकरीबरोबर ताटात असते. शेजारणीकडं जास्त निघाली असेल तर दुसऱ्या दिवशी तिच्या जुड्या मंगळवेढ्याच्या बाजारात बसतात.